वॉच संपल्यावर

जहाजावर सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर नुसता टेबलावर ठेवून भागत नाही. तो दोरीने आवळून बांधावा लागतो. एकदा बांधला की समुद्र कितीही उसळू दे, पडद्यावरचं चित्र जागचं हलत नाही, कारण प्रोजेक्टर, पडदा आणि बघणारी माणसं सगळी एकाच वेळी एकाच बाजूला कलत असतात. पडदा म्हणजे स्टुअर्डकडून मागून घेतलेली पांढरी चादर. हवा चांगली असली की ती डेकवर ताणायची, नाहीतर खलाशांच्या मेसमध्ये. एका मोठ्या रिळात साधारण पाऊण तासाचा सिनेमा मावतो, म्हणजे हिंदी सिनेमाला चार रिळं. रीळ बदलताना दिवे लागत, चहाची किटली फिरे, आणि रात्री बाराच्या वॉचला, म्हणजे पाळीला, जायचं असलेली माणसं नाइलाजाने उठून झोपायला जात. राहिलेलं रीळ त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता पुन्हा लावायचं, हा माझा नेम होता.

मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. १९८०च्या दशकात नोकरीला लागलो. मोर्समध्ये तारा पाठवायच्या, हवामानाचे इशारे उतरवून घ्यायचे, हे माझं ठरलेलं काम. पण जिथे वायर, दिवा आणि आवाज यांचा संबंध येतो ते सगळं रेडिओवाल्याचं, अशी जहाजाची रीतच होती. त्यामुळे सिनेमा, गाणी, मेसमधला टेपरेकॉर्डर हे आपोआप माझ्याकडे आलं आणि मीही ते मनापासून केलं. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहावर चालणारी संकटसंदेशांची नवी यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि जहाजावरून रेडिओ ऑफिसर हे पदच गेलं. पुढे निवृत्तीपर्यंत मी इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून जहाजं केली. चादरीवरच्या सिनेमापासून खिशातल्या फोनपर्यंतचा सगळा बदल अशा रीतीने डोळ्यांसमोर घडला.

गावाकडे लोक विचारतात, जहाजावर सुट्टी कधी असते? समुद्रात असताना पूर्ण सुट्टी अशी नसतेच. चोवीस तासांचे चार-चार तासांचे तुकडे पाडलेले असतात. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा. एका माणसाला यातला एकच वॉच, पण तो दिवसातून दोनदा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. मधल्या आठ तासांत जेवण, झोप, कपडे धुणं, आणि उरलेला वेळ स्वतःचा. डेकवरचे आणि इंजिनमधले बरेचसे लोक दिवसपाळीवर असतात, त्यांना संध्याकाळ मोकळी मिळते. भारतीय जहाजांवर रविवार ओळखू येई तो दुपारच्या बिर्याणीने आणि आइस्क्रीमने. पूर्वेकडे निघालं की दर काही दिवसांनी घड्याळ तासभर पुढे करावं लागतं आणि तो तास बहुतेक वेळा फुरसतीतूनच कापला जातो. उलट, जपानहून अमेरिकेकडे जाताना वाररेषा ओलांडली की तीच तारीख दुसऱ्यांदा येते. ती रविवारी ओलांडली तर लागोपाठ दोन रविवार. अशा वेळी अख्ख्या जहाजाचा चेहरा खुलत असे.

या मोकळ्या वेळेचे आता कायदे आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००६ साली सागरी कामगारांचा करार मंजूर केला, तो २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला. कोणत्याही चोवीस तासांत किमान १० तास आणि कोणत्याही सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. या दहा तासांचे दोनपेक्षा जास्त तुकडे करायचे नाहीत आणि त्यातला एक किमान सहा तासांचा हवा. हा नियम कशासाठी, ते एका अपघातावरून समजतं. मार्च १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्झॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि हजारो टन तेल समुद्रात गेलं. चौकशीत जी कारणं पुढे आली, त्यात जहाज हाकणाऱ्या थर्ड मेटचा थकवा हे एक होतं. पण दहा तासांतून झोप, अंघोळ आणि दोन वेळचं जेवण वजा करा. जे उरतं त्यात माणसाने पुन्हा माणसात यायचं असतं. मला हे उरलेले दोन-तीन तास जहाजाच्या सुरक्षिततेइतकेच महत्त्वाचे वाटतात, आणि कायद्याला ते अजून नीट मोजता आलेले नाहीत.

आमच्या वेळी हे तास एकत्र घालवावे लागत. करमणुकीची साधनंच इतकी थोडी होती की वाटून घेण्यावाचून इलाज नव्हता. उदाहरणार्थ रेडिओ. जहाजाची केबिन चारही बाजूंनी लोखंडाची, आत शॉर्टवेव्ह पकडत नाही. खलाशी ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि पोर्टहोलमधून बाहेर तांब्याची तार सोडून बघत. मग मी एरियलची एक चांगली लाइन मेसपर्यंत ओढून द्यायचो. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला. १९५२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम मी जहाजावर होतो तेव्हाही चालूच होता. अरबी समुद्रात तो स्वच्छ लागे. लाल समुद्रात पोचल्यावर आपले आठ म्हणजे तिथले साडेपाच. उजेड असेपर्यंत लांबची शॉर्टवेव्ह नीट येत नाही, अंधार पडल्यावर सुधारते. त्यामुळे ऐन पहिल्या नंबरचं गाणं खरखरीत बुडून जाई आणि सगळे माझ्याकडे बघत, जणू सूर्यास्त माझ्या हातात आहे.

गाणी नुसती ऐकायची नसत. आमच्याबरोबर दाभोळ, हर्णै, जयगडकडचे पुष्कळ लोक असत, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. कोकणातल्या या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या जहाजाची नोकरी चालत आलेली आहे. एका जहाजावरचे सारंग, म्हणजे डेकच्या खलाशांचे मुकादम, टाळांची जोडी घेऊन यायचे. भंडाऱ्याने, म्हणजे खलाशांच्या आचाऱ्याने, रात्रीचं जेवण आवरलं की तोही येऊन बसे. रंगाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरणारा गडी रत्नागिरीचा मुसलमान पोरगा होता. त्याच्याइतका पक्का ताल मी नंतर कोणत्याही भजनी मंडळात ऐकला नाही. गणपतीत सकाळ-संध्याकाळ आरती व्हायची आणि कॅप्टन केरळचे ख्रिस्ती असूनही वेळेवर येऊन उभे राहायचे.

सिनेमाची रिळं काही कंपन्या जहाजांना भाड्याने पुरवत. वॉलपोर्ट हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव. पेट्या एका बंदरात घ्यायच्या, दुसऱ्या बंदरात बदलायच्या. बंदराबाहेर नांगर टाकून आठवडाभर उभं राहावं लागलं की शेजारच्या भारतीय जहाजाला व्हीएचएफवर हाक मारायची, "तुमच्याकडे कुठले आहेत?" आणि एजंटच्या लाँचमधून पेट्यांची अदलाबदल व्हायची. मग व्हिडिओ कॅसेट आल्या. त्यांच्याबरोबर एक नवी अडचण आली. जपान आणि अमेरिकेतल्या कॅसेट एका पद्धतीच्या, भारतातल्या आणि युरोपातल्या दुसऱ्या. कोबेत हौसेने घेतलेली कॅसेट आपल्या व्हीसीआरवर लावली की नुसत्या रेघा. दोन्ही पद्धती चालवणारा टीव्ही ज्या जहाजावर असे ते भाग्यवान जहाज. सिंगापूरला पोचलं की मुस्तफाच्या दुकानात आधी हिंदी कॅसेटची चौकशी, घरच्या साड्या आणि घड्याळं त्यानंतर.

आणि फिरणं. त्या काळी सुट्या मालाची जहाजं एकेका बंदरात आठ-दहा दिवस सहज राहत. गँगवेजवळच्या फळ्यावर परत यायची वेळ खडूने लिहिलेली असे. कॅप्टनकडून त्या देशाचे थोडे पैसे उचल घ्यायचे, शोअर पास खिशात टाकायचा आणि उतरायचं. मला सगळ्यात जास्त लाभलं ते ओडेसा. तिथे बंदरातून शहरात जायचा रस्ता म्हणजे १९२ पायऱ्यांचा प्रचंड जिना. आयझेनस्टाइनच्या १९२५ सालच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या सिनेमातला गोळीबाराचा प्रसंग याच जिन्यावर घडतो, आणि तो सिनेमा नौसैनिकांच्या बंडाचा आहे. सिनेमाचा शौक असलेल्या खलाशाने तिथे उभं राहावं यापरतं सुख नाही. सोव्हिएत बंदरांत खलाशांसाठी इंटरक्लब असत: पुस्तकं, बुद्धिबळ, सिनेमा, बसने गाव दाखवणं. ‘आवारा’ तिकडे १९५४ मध्ये लागला होता. तीस वर्षं उलटली तरी ओडेसातल्या बायका आम्हाला पाहून राज कपूरचं नाव घेत आणि गाणं गुणगुणत. परक्या गावात कोणीतरी तुम्हाला गाण्यावरून ओळखतं, तेव्हा माणूस किती मऊ होतो हे मी पाहिलं आहे.

इतर देशांत खलाशांच्या मदतीला मिशन असतात. मिशन टू सीफेअरर्स ही १८५६ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेली संस्था. तिचं उडत्या देवदूताचं चिन्ह जगातल्या असंख्य बंदरांत दिसतं. स्टेला मारिस ही कॅथलिकांची. हॅम्बुर्गच्या कंटेनर धक्क्यांजवळ १९८६ पासून डुकडाल्बेन नावाचा क्लब आहे. त्यांची छोटी गाडी थेट जहाजापाशी येते. आत बिलियर्ड्स, कराओके, छोटं दुकान, घरी फोन लावायची सोय, आणि वर एका शांत खोलीत निरनिराळ्या धर्मांचे प्रार्थनेचे कोपरे. धर्म विचारून कोणालाही चहा दिला जात नाही.

आपल्या मुंबईतही ही परंपरा जुनी आहे. रीगल सिनेमासमोरची ती दगडी इमारत, जिथे आज राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे, ती १८७६ साली रॉयल अल्फ्रेड सेलर्स होम म्हणून पुरी झाली. वर त्रिकोणी भागात समुद्रदेव नेपच्यून अजून कोरलेला दिसतो. ती होती गोऱ्या नाविकांसाठी. आपल्या माणसांसाठी मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होम आहे, आणि पहिल्या महायुद्धात समुद्राशिवाय दुसरी कबर न मिळालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथेच आहे. मुंबईकरांनी ते एकदा तरी पाहावं असं मला फार वाटतं.

आता चित्र पालटलं आहे. माझा भाचा कंटेनर जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. त्याचं जहाज बंदरात पुष्कळदा एका दिवसाच्या आत माल उतरवून, चढवून निघतं. तेवढ्यात इंजिनाची दुरुस्ती, तेल भरणं आणि तपासण्या. "मामा, शांघायला अनेकदा गेलो, पण शांघाय पाहिलं नाही," असं तो म्हणतो. तेलवाहू जहाजं किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यातल्या बोयाला बांधून माल देतात, तिथे उतरायचा प्रश्नच येत नाही. जुलै २००४ पासून बंदरांच्या सुरक्षेचे कडक नियम आले. अमेरिकेत खलाशाचा व्हिसा नसेल तर धक्क्याला लागूनही खाली पाय ठेवता येत नाही. २०२० च्या करोनात तर सुमारे चार लाख माणसं करार संपूनही जहाजांवर अडकून पडली होती. किनाऱ्यावर उतरणं हा खलाशाचा हक्क आंतरराष्ट्रीय करारांत स्पष्ट लिहिलेला आहे, आणि जी बंदरं, जे एजंट, जे मालक तो कागदावरच ठेवतात ते चूक करतात.

जमीन तुटली, पण घर जवळ आलं. २०२२ पासून स्टारलिंकसारख्या सेवा जहाजांवर आल्या. २३ डिसेंबर २०२४ पासून सागरी कामगार करारातही दुरुस्ती लागू झाली: शक्य तिथे खलाशाला इंटरनेट द्यावं आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत. मी नोकरीत असताना घरच्या पत्राला महिना लागे. ज्याची आई आजारी आहे त्याला रोज तिचा चेहरा दिसावा, याहून मोठी सोय कुठली? ती आलीच पाहिजे होती.

पण भाच्याच्या बोलण्यातून दुसरीही गोष्ट कळते. वॉच संपला की प्रत्येक जण ताट घेऊन केबिनमध्ये जातो आणि दार लावतो. कॅरमबोर्ड भिंतीला टेकलेला असतो. कोणाला बायकोशी भांडण झालं म्हणून झोप नाही, कोण दोन दिवस जेवलेला नाही, हे शेजारच्या केबिनला समजत नाही. चादरीसमोर बसलो की आम्हाला ते समजायचं. कोण हसत नाही, हे अंधारातही कळतं. ब्राझीलच्या सांतोसहून चीनला जायला जवळजवळ पाच आठवडे लागतात. एवढा काळ ओळखीच्या वीस-बावीस माणसांत राहून एकटं पडणं धोक्याचं आहे. भाच्याच्या जहाजावर आता फिलिपिनो सहकाऱ्यांनी शनिवारी रात्री मेसमध्ये कराओके सुरू केलं आहे आणि सेकंड इंजिनिअर साहेबांनी तासभर वायफाय मेसपुरतं बंद ठेवायचं ठरवलं आहे. सुरुवातीला कुरकुर झाली, आता कोणी चुकवत नाही. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. प्रत्येक जहाजाने असा एक तास राखावा.

ज्यांच्या घरचं कोणी जहाजावर आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तो एखाद्या संध्याकाळी फोनवर आला नाही, तर लगेच घाबरू नका, रागावू नका, त्याला सांगा, "आज मेसमध्ये बस, उद्या बोलू." किनाऱ्यावरच्या बातम्या आणि कर्जाचे हप्ते त्याच्या वॉचच्या आधी सांगू नका, त्याला झोप हवी असते. तुम्ही न्हावाशेवा, जयगड किंवा मुरगाव बंदराच्या आसपास राहत असाल आणि बाजारात एखादा परदेशी खलाशी गोंधळून उभा दिसला, तर त्याला रिक्षाचा योग्य भाव आणि जवळचं देऊळ, चर्च, मशीद किंवा चांगलं हॉटेल दाखवा. त्याच्या हातात तीन-चार तासच असतात. आणि पुढच्या खेपेला घरचा माणूस निघेल तेव्हा त्याच्या बॅगेत दोन दिवाळी अंक आणि पत्त्यांचा एक कॅट ठेवा, आणि केबिनमध्ये न नेता मेसच्या टेबलावर ठेव म्हणून सांगा.