माळावरची फुले, फळे आणि किडे : शिरूर-दौंडमधील निसर्गछायाचित्रण

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाचा पाऊस जेमतेम 500 मिलिमीटरच्या घरात. भीमा आणि घोड नद्यांच्या काठाने काळी जमीन आणि ऊस, तर नदीपासून वर चढले की मुरमाड माळ, कुसळी गवत, बाभूळ, हिवर, बोर आणि तरवड. सरकारदरबारी यातल्या बऱ्याच जमिनीला पडीक म्हटले जाते. कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची धावही बहुधा भिगवणचे रोहित, मोराची चिंचोलीचे मोर किंवा सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा एवढीच असते. गुडघ्याखालचे रान पाहायला फार थोडे थांबतात, आणि छायाचित्रणाला खरा वाव तिथेच आहे.

या रानाचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. एप्रिल ते जूनमध्ये उघड्या माळावर पंखगळ्या सरड्याचे नर दगडावर चढून गळ्याचा निळा, काळा, नारिंगी पंखा उघडमीट करतात. पंखा क्षणभरच पूर्ण उघडतो, म्हणून शटरचा वेग 1/1000 सेकंदाच्या आसपास लागतो. त्याच्या दगडाकडे चालत गेले की तो पळतो; थोड्या अंतरावर आधीच पालथे पडून राहिले, तर तो पुन्हा त्याच दगडावर येतो.

पहिल्या चांगल्या सरीनंतर मृगाचे किडे जमिनीवर येतात. आठ पायांचा हा लाल मखमली जीव म्हणजे कीटक नव्हे, कोळ्यांच्या कुळातला माइट. मोजकेच दिवस, तेही ओलसर सकाळी तो दिसतो. त्याचा लाल रंग बहुतेक कॅमेऱ्यांना झेपत नाही. सारा मखमल एका लाल डागात विरून जातो. एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवले की केस सुटे दिसतात.

वर्षभर हाताशी असणारा विषय म्हणजे रुई. रस्त्याकडेला, बांधावर, उकिरड्याजवळ, कुठेही. रुईच्या एकाच झुडपावर प्लेन टायगर फुलपाखराचे सारे आयुष्य टिपता येते. मादी पानामागे एकेक पांढरे अंडे घालते. अळीच्या अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. रुईच्या चिकातले विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत आणि ती उघड्यावर निवांत खाते; शिकाऊ छायाचित्रकाराला याहून सोयीचा विषय नाही. फुलावर काळा भुंगा उतरला की त्याचे पाय पाहावेत. रुईचे पराग भुकटीसारखे सुटे नसतात, त्यांच्या पिवळसर पिशव्या जोडीजोडीने पायाला अडकून जातात. चांगल्या मॅक्रो चित्रात त्या स्पष्ट मोजता येतात.

मॅक्रो म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटवणे. 90 ते 105 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स यासाठी सोयीची, कारण किड्यापासून थोडे लांब राहता येते. साधी लेन्स एक्स्टेन्शन ट्यूबवर किंवा उलटी बसवूनही काम भागते. अडचण असते ती स्पष्टतेच्या पट्ट्याची. पूर्ण आकाराला, एफ/11 वर हा पट्टा मोठ्या सेन्सरवर दीड मिलिमीटरही भरत नाही. छिद्र एफ/22 पर्यंत बारीक केले तर प्रकाशाच्या विवर्तनाने सारे चित्रच मऊ पडते. म्हणून एफ/8 ते एफ/11 वर थांबावे, किड्याच्या डोळ्यावर फोकस धरावा आणि सेन्सरची पातळी त्याच्या अंगाला समांतर ठेवावी. दुपारच्या माळावर सावल्या काळ्याठिक्कर पडतात. फ्लॅशपुढे बटर पेपर लावला की प्रकाश पसरतो. वाऱ्यावर मात्र पहाटेखेरीज उपाय नाही.

नवरात्राच्या सुमारास तरवड पिवळाजर्द होतो आणि घटाच्या माळांसाठी खुडला जातो. त्याच्या परागकोशांना टोकाला बारीक छिद्रे असतात. मधमाशी फुलाला धरून अंग थरथरवते तेव्हा पराग त्यातून बाहेर उडतात. या काळात गवतही पिकते. कुसळीच्या काळपट शेपट्या ओल-वाळीनुसार पीळ घेतात आणि सुटतात. त्या पिळानेच बी मातीत शिरते. मावळत्या उन्हात, प्रकाशाकडे तोंड करून घेतलेल्या चित्रात एकेक पीळ दिसतो.

मग फळांचे दिवस. पिकून पिवळी झालेली काटेरिंगणी, फुटलेल्या शेंगेतली लाल-काळी विषारी गुंज, आणि संक्रांतीच्या आगेमागे बोरे. बोराच्या सालीवरची चमक पोलरायझर फिल्टरने मारता येते. बोरीच्या पानांवर छोट्या पियरो फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या असतात. त्या सहज दिसत नाहीत, पण त्यांच्या गोड स्रावासाठी भोवती घुटमळणाऱ्या मुंग्या त्यांचा पत्ता सांगतात.

नुसते सुंदर फूल टिपून वनस्पती ओळखता येत नाही. पानांची मांडणी, पानाची मागची बाजू, खोड, फळ आणि सबंध झाड यांची वेगवेगळी चित्रे लागतात. सोबत गाव आणि तारीख. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केला, तो वाळवलेल्या नमुन्यांच्या आधारे. आता नीट घेतलेले छायाचित्र आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकले तर जाणकार ओळख पटवतात आणि नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते.

चित्रासाठी फूल तोडणे, किडा फ्रिजमध्ये थंड करणे, घरट्यावरची पाने छाटणे हे प्रकार चालतात. त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. दुर्मीळ कंदीलपुष्प सापडले तर त्याची नेमकी जागा जाहीर करू नये. गाडी माळावर घालू नये, कारण टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. आणि शिरूर-दौंडच्या ज्यांच्या बांधावर रुई, तरवड, बोर अजून उभी आहे, त्यांनी ती पेटवण्याआधी एकदा मोबाइलने तरी टिपून, गावाच्या नावासह नोंदवून ठेवावी.