दुबळी प्रतिकारशक्ती आणि धुराचा घाला

प्रतिकारशक्ती क्षीण होण्याची कारणे एकसारखी नसतात. एचआयव्हीचा विषाणू तिच्यातील पेशींवरच घाला घालतो, रक्ताच्या कर्करोगात त्या पेशींची निर्मिती बिघडते, तर मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या शरीराने नवा अवयव परका मानून नाकारू नये म्हणून डॉक्टरच टॅक्रोलिमस किंवा प्रेडनिसोलोनसारख्या औषधांनी ती दाबून ठेवतात. कारण कोणतेही असो, ‘आजारपणात एवढा विरंगुळा चालायचाच’ म्हणून अशा व्यक्तीच्या विडी-सिगारेटकडे जी डोळेझाक केली जाते, ती वैद्यकीय कसोटीवर टिकत नाही.

श्वासनलिकांच्या अस्तरावर केसांहून कितीतरी बारीक धागे असतात. पक्ष्माभिका या नावाने ओळखले जाणारे हे धागे एका लयीत हलत राहून धूळ आणि जंतू अडकलेला चिकट स्राव घशाकडे ढकलत असतात. धुरामुळे त्यांची हालचाल मंदावते आणि पुढे ते आखूड होतात व झडतात, त्यामुळे स्राव आत साचतो आणि तो बाहेर टाकण्याचे काम खोकल्यावर येऊन पडते. त्याहून खोल, फुप्फुसातील वायुकोशांत, जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी पहारा देत असतात. धूम्रपान करणाऱ्यांत त्यांची संख्या वाढलेली दिसली, तरी धुराच्या तपकिरी कणांनी भरलेल्या या पेशींची जंतू मारण्याची क्षमता घटलेली असते. निरोगी माणसात ही उणीव रक्तातील इतर पेशी आणि प्रतिपिंडे काही अंशी भरून काढतात. ज्याची ही दुसरी फळीच दुबळी आहे, त्याच्या बाबतीत मात्र न्यूमोनिया व क्षयरोगाच्या जंतूंची वाट मोकळी होते.

याचे मोल आयुष्याच्या वर्षांत मोजले गेले आहे. डेन्मार्कमध्ये एचआयव्हीबाधितांचा जो अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 35 वर्षांच्या बाधित व्यक्तीच्या आयुर्मानातून धूम्रपानामुळे सुमारे 12, तर विषाणूमुळे सुमारे 5 वर्षे वजा होतात, असे आढळले; म्हणजे जेथे उपचार उत्तम मिळतात, तेथे विषाणूपेक्षा तंबाखूच अधिक घातक ठरते. भारतात 2004 पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारी औषधे, मोफत मिळतात. या उपचाराने वाचलेली वर्षे धुरात जाऊ न देणे हा त्याच उपचाराचा भाग मानला पाहिजे.

सिगारेटला पर्याय वाटणाऱ्या व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, तंबाखू जळत नाही. निकोटिन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन व स्वादद्रव्ये यांचे मिश्रण तापवून त्याचे सूक्ष्म तुषार ओढले जातात. त्यात सिगारेटच्या धुरापेक्षा विषारी द्रव्ये कमी असतात हे खरे, पण दालचिनीच्या स्वादासाठी वापरले जाणारे द्रव्य पक्ष्माभिका व भक्षकपेशींचे काम मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. अमेरिकेत 2019 मध्ये व्हेपमुळे फुप्फुसांना गंभीर इजा होण्याची साथच आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,800 हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि गांजातील अंमली द्रव्याच्या मिश्रणांत मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्याचे प्रमुख कारण ठरले. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात व विक्री यांवर बंदी आहे, त्यामुळे चोरवाटेने मिळणाऱ्या नळीत काय भरले आहे याची हमी कोणीही देत नाही.

महाराष्ट्रात धुरापेक्षा चघळण्याच्या तंबाखूचे प्रमाण कितीतरी मोठे आहे, म्हणून विडी सोडून मळलेल्या तंबाखूकडे किंवा मिश्रीकडे वळण्याचा मोह होतो. परंतु त्यात निकोटिनची ओढ कायम राहते आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका, जो प्रत्यारोपण झालेल्यांत आधीच वाढलेला असतो, आणखी बळावतो.

व्यसन सोडल्यावर रक्तातील कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो आणि पक्ष्माभिका काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा कामाला लागतात. निकोटिनचे च्युइंगम व पट्ट्या, तसेच बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन ही औषधे उपयोगी पडतात. मात्र एचआयव्हीच्या काही औषधांमुळे बुप्रोपिऑनचे रक्तातील प्रमाण घटते आणि मूत्रपिंड फार क्षीण असल्यास व्हॅरेनिक्लिनचा डोस कमी करावा लागतो, म्हणून ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन विनाशुल्क मिळते. डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत तंबाखूची चौकशी करावी, आणि रुग्णांनी व कुटुंबीयांनी संकोच न करता खरे उत्तर देऊन मदत मागावी.