मीटर काय सांगतो, काय सांगत नाही

पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकायला दारावर आलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. तो दोन पेले मागतो. एकात आपल्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातले. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून तो विजेचे बटण दाबतो. थोड्याच वेळात नळाचे पाणी तपकिरी, गढूळ होते. घरातली माणसे हबकतात. इतकी घाण आपण रोज पितो?

ही घाण पाण्यात नव्हतीच. ती कांड्यांतून आली. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहू लागली की लोखंडी कांडी झिजते आणि लोखंडाचे तपकिरी संयुग पाण्यात उतरते. यंत्रातल्या पाण्यातले बहुतेक क्षार आधीच काढलेले असतात. त्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहते. त्यात चिमूटभर मीठ टाकले तर तेही तपकिरी होईल. (हा प्रयोग वर्गात मात्र करू नये. घरगुती वीज आणि पाणी यांचा खेळ जिवावर बेतू शकतो.)

त्याच माणसाच्या खिशात पेनासारखा एक मीटर असतो, तो मात्र प्रामाणिक. हा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचा अंदाज देणारा. 'अंदाज' हा शब्द महत्त्वाचा आहे. मीटर क्षारांचे वजन करत नाही. त्याच्या टोकाशी दोन इलेक्ट्रोड असतात. त्यांच्यामधल्या पाण्यातून वीज किती सहज वाहते, एवढेच तो मोजतो आणि त्या आकड्याला साधारण ०.५ ते ०.७ यांमधल्या एका ठरावीक संख्येने गुणून उत्तर दाखवतो.

हे वर्गात सहज पडताळता येते. बॅटरीत घालायचे ऊर्ध्वपातित पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात चमचाभर साखर विरघळवा, दुसऱ्यात चिमूटभर मीठ. मिठाच्या पाण्यात आकडा उसळी मारतो. साखरेच्या पाण्यात जवळजवळ हलत नाही. साखर विरघळली तरी तिचे आयन होत नाहीत, म्हणून मीटरच्या लेखी ती नाहीच. कीटकनाशके आणि रोगजंतू यांच्या बाबतीतही तो असाच आंधळा असतो.

यात गंमत आहे तसा धोकाही आहे. समजा, एका गावाने नवी बोअर घेतली. मीटर ४०० दाखवतो, म्हणजे लिटरमागे ४०० मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे ५००पर्यंत पाणी चांगले. दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत चालते. सगळे निश्चिंत होतात. पण या ४००मध्ये ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर? त्याची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. चारशेतले तीन म्हणजे शंभरातला एक भागही नव्हे. पाण्याचे तापमान एका अंशाने वाढले तरी त्याची वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. म्हणजे चारशेत आठचा फरक केवळ उन्हाने पडतो. (बऱ्याच मीटरांत याची दुरुस्ती आपोआप होते, पण तिथे तीनचा माग कसा लागणार?)

शिवाय फ्लोराइड जास्त असलेल्या भूजलात पुष्कळदा कॅल्शियम कमी असते. असे पाणी मऊ. त्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो. घरात ते आवडते. परिणाम दिसतो तो मुलांच्या दातांवर. साधारण आठ वर्षांपर्यंत कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात. त्या वयात फ्लोराइड जास्त गेले तर पांढुरके, पुढे तपकिरी डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले तर हाडे आणि सांधेही आखडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांनी हे भोगले आहे.

मग मीटर निरुपयोगी का? मुळीच नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात प्रश्नच क्षारांचा आहे. तिथे तो नेमके उत्तर देतो. एकाच विहिरीचे पाणी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात कसे बदलते, हे नोंदवायलाही त्याच्यासारखे स्वस्त साधन नाही. फक्त फ्लोराइडचा प्रश्न त्याला विचारू नये.

तो प्रश्न चाचणी-पेटीला विचारावा. तिच्यात प्रत्येक घटकासाठी वेगळे रसायन असते. फ्लोराइडच्या बाटलीत झिर्कोनियम धातू आणि एक रंगद्रव्य यांची जोडी असते. तिचा रंग गुलाबी-लालसर. फ्लोराइड झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेतो, जोडी तुटते आणि रंग पिवळ्याकडे झुकतो. तो सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचा. मात्र तुरटी फिरवलेले पाणी घेऊ नये. तुरटीतले ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवते आणि चाचणी खोटा दिलासा देते.

२०१९मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये अशा पेट्या वापरायला प्रत्येक गावातल्या पाच जणांना, शक्यतो महिलांना, शिकवण्याची योजना आहे. तुमच्या गावात पेटी असेल तर ती वर्गात मागवा. रसायनांची मुदत पाहा. प्रत्येक चाचणी दोनदा करा आणि एकदा ऊर्ध्वपातित पाण्यावरही करा. तिथे फ्लोराइड दिसले तर दोष पेटीत आहे. रंग सावलीत, दिवसाच्या उजेडात, दोघांनी वेगवेगळा वाचावा. आकडा मर्यादेजवळ आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. पेटी संशय दाखवते, निकाल देत नाही.

आणि एक तपासणी कोणत्याही उपकरणाशिवाय होते. हजेरी घेताना मुलांच्या दातांकडे नीट पाहा. एकाच वस्तीतल्या अनेक मुलांच्या दातांवर सारखे डाग दिसले, तर मीटरचा आकडा कितीही चांगला असो, त्या वस्तीच्या पाण्याचा फ्लोराइड तपासून घ्या.