दुखणं हृदयाचं, मग कळ हातात का?

रात्री जेवणानंतर छातीत जड वाटू लागतं. डावा हात आतल्या बाजूने करंगळीपर्यंत ठणकतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "गॅस झाला असेल, ओवा खा." मग हाताला बाम लावला जातो आणि यातच दोन तास निघून जातात. हे तास महागात पडतात. कारण बिघाड हातात नसतोच, तो हृदयाच्या रक्तवाहिनीत असतो.

मग हात का दुखतो?

उत्तर शरीराच्या वायरिंगमध्ये आहे. त्वचेत वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंचं दाट जाळं असतं. त्यामुळे बोटाला काटा टोचला, तर डोळे मिटूनही नेमकी जागा सांगता येते. आतल्या अवयवांत हे तंतू विरळ असतात. हृदयाकडून निघालेले वेदनेचे संदेश मज्जारज्जूत छातीच्या वरच्या चार-पाच पातळ्यांवर पोहोचतात. छातीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेचे संदेशही यांतल्याच पातळ्यांवर येतात. तिथून मेंदूपर्यंतची पुढची लाइन बऱ्याच अंशी सामायिक असते. या लाइनवर आयुष्यभर त्वचेच्या आणि स्नायूंच्याच तक्रारी आलेल्या असतात, हृदयाची क्वचितच. त्यामुळे मेंदू सवयीने पत्ता लावतो आणि तो चुकतो. वैद्यकात याला 'रेफर्ड पेन' म्हणतात.

असे चुकलेले पत्ते आणखी आहेत. अपेंडिक्स असतं पोटाच्या उजव्या-खालच्या बाजूला, पण त्याची कळ बहुतेकदा आधी बेंबीभोवती येते. सूज बाहेरच्या आवरणापर्यंत पोहोचली की मग दुखणं खरोखर उजवीकडे सरकतं. श्वासपटलाची गोष्ट तर गमतीशीर आहे. गर्भात त्याची सुरुवात मानेपाशी होते. पुढे ते खाली सरकतं, पण त्याची मुख्य नस मानेतूनच येत राहते. म्हणून पोटात प्लीहा फुटून रक्तस्राव झाला, तर कधीकधी डावा खांदा दुखतो!

डावा हात दुखला म्हणजेच हार्ट अटॅक, हा सोशल मीडियावरचा समज मात्र अर्धवट आहे. कळ उजव्या हातात, दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागातही जाऊ शकते. मधुमेही, वृद्ध आणि काही स्त्रियांमध्ये छातीत फारसं दुखतही नाही. फक्त दम लागतो, मळमळतं, प्रचंड थकवा येतो. उलट हात हलवला किंवा दाबला की दुखणं बदलत असेल, तर कारण स्नायूचं असण्याची शक्यता जास्त. पण एवढ्यावर घरी निदान करून मोकळं होऊ नये.

छातीत दाब, घाम, दम लागणं आणि सोबत हात किंवा जबडा दुखणं असेल, तर १०८ वर फोन करावा. रुग्णाने स्वतः गाडी चालवत जाऊ नये. दवाखान्यात पोहोचल्यावर ईसीजी काढायला काही मिनिटं पुरतात. पहिला ईसीजी नॉर्मल आला, तरी डॉक्टर तो पुन्हा काढतात आणि रक्ताची ट्रोपोनिन चाचणी करतात, कारण सुरुवातीला दोन्हींत काही न दिसणं शक्य असतं.