पियानोचा सराव : किती आणि कसा?

पियानो शिकणाऱ्याने दररोज किती वेळ सराव करावा, हा प्रश्न विद्यार्थी, पालक व शिक्षक वारंवार विचारतात आणि त्याचे उत्तर बहुधा तासांतच दिले जाते. परंतु तास हे येथे पुरेसे परिमाण आहे काय, याचा विचार आधी करावयास हवा.

तासांच्या बाजूचा बळकट पुरावा अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील वादकांची पाहणी करून १९९३ साली मांडला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत निष्णात पियानोवादकांचा एकट्याने केलेला सराव सरासरी ७,६०६ तास भरला, तर हौशी वादकांचा १,६०६ तास. मात्र या संशोधकांना अभिप्रेत असलेला सराव म्हणजे वाद्यापुढे बसून घालविलेला वेळ नव्हे. उणीव हेरून ती दूर करण्याचा हेतुपूर्वक प्रयत्न होय. असा प्रयत्न दिवसाकाठी चार तासांपलीकडे टिकविणे कठीण, हेही त्यांनी नोंदविले आहे. पुढे २०१९ साली ब्रुक मॅक्नमारा व मेघा मैत्रा यांनी व्हायोलिनवादकांविषयी हीच पाहणी पुन्हा केली. तीत वादकांच्या कौशल्यातील तफावतीपैकी सुमारे एक चतुर्थांशच सरावाच्या तासांनी उलगडली.

सराव कसा होतो, याकडे रॉबर्ट ड्यूक व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सस येथे लक्ष दिले. त्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. पियानोच्या सतरा प्रगत विद्यार्थ्यांनी शोस्ताकोविचच्या कन्चेर्तोतील एक छोटा अंश बसविला. दुसऱ्या दिवशी तो वाजवून घेण्यात आला. सरावाचा वेळ वा आवृत्तींची संख्या यांवर वादनाची प्रत अवलंबून नव्हती. चुकीच्या आवृत्ती ज्यांच्या कमी, त्यांचे वादन सरस ठरले. चुका त्यांच्याही होत. परंतु चूक होताच ते तिचे नेमके स्थान शोधीत, लय उतरवीत आणि तेवढाच भाग निर्दोष होईपर्यंत वाजवीत.

याचे कारण उघड आहे. बोटांना शुद्धाशुद्धाचा विवेक नसतो. जे पुन्हा पुन्हा घडते ते अंगवळणी पडते. पाणिनीय व्याकरणात द्वित्व झालेल्या धातुरूपाच्या पूर्वभागास ‘अभ्यास’ ही संज्ञा आहे. ‘चकार’ या रूपात ‘कृ’ची द्विरुक्ती होते, पण ‘क’चा ‘च’ होतो. वादनाच्या अभ्यासातही पुनरुक्ती अशीच संस्कारित असावी लागते.

तेव्हा नवशिक्या मुलाने दररोज पंधरा-वीस मिनिटांच्या एक-दोन बैठकी कराव्यात. आठवडाभराचा सराव रविवारी एकदम उरकू नये. प्रगत विद्यार्थ्याने तासाभराने विश्रांती घ्यावी आणि हात दुखू लागताच थांबावे. शोपँही शिष्यांना दिवसाकाठी तीन तासांची मर्यादा सांगत. अवधान सुटल्यानंतरचा तास केवळ वाया जात नाही. त्या तासात पक्की झालेली चूक काढण्यासाठी पुढे आणखी तास खर्ची पडतात.