‘व्हिसेरा’ म्हणजे काय गं, आई?

परवा सकाळी चहाच्या वेळी पेपर चाळताना आमच्या सातवीतल्या लेकीनं विचारलं, “आई, ‘व्हिसेरा राखून ठेवला’ म्हणजे काय ठेवलं गं?” बातमी होती एका नव्या नवरीच्या मृत्यूची. सासूबाई म्हणाल्या, “सकाळी सकाळी काय हे अभद्र!” मीही ‘मग सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगू मैत्रिणींनो? मलाच नीट माहीत नव्हतं. दुपारी शाळेच्या वाचनालयात जाऊन पाहिलं.

शब्द मूळचा लॅटिन. छाती-पोटातले अवयव असा त्याचा अर्थ: जठर, आतडी, यकृत, मूत्रपिंडं, हृदय वगैरे. आपण ‘आतडी-काळीज’ म्हणतो ना, तेच. शवविच्छेदनात विषाची शंका आली, की जठर व त्यातलं अन्न, शिवाय आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग बरणीत घालून मोहोरबंद करतात आणि प्रयोगशाळेकडे धाडतात. ते टिकावेत म्हणून बहुधा मिठाच्या दाट पाण्यात ठेवतात. आपण कैऱ्या खारवतो, तत्त्व तेच!

पण व्हिसेरा सगळंच सांगतो का? आपल्या पुण्यातली मंजुश्री सारडा आठवते? जून १९८२ मध्ये, लग्नाला जेमतेम चार महिने झालेले असताना ती गेली. मृत्यू पोटॅशियम सायनाइडनं झाल्याचं निघालं. खालच्या कोर्टांनी नवऱ्याला दोषी धरलं; १९८४ साली सुप्रीम कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. विष कोणतं ते कळलं. पण ते कुणी दिलं, की तिनंच घेतलं, हे काही सिद्ध झालं नाही.

१९८३ मध्ये कायदा बदलला. लग्नापासून सात वर्षांच्या आत बाईनं आत्महत्या केली, मृत्यू संशयास्पद वाटला किंवा तिच्या नातेवाइकानं मागणी केली, तर पोलिसांनी शवविच्छेदन करवून घ्यायचं. २०२४ पासूनच्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. माहेरच्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण ती वेळच का यावी? मंजुश्रीनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रांतून आपलं दुःख कळवलं होतं. तुमची बहीण, भाची फोनवर नुसतं “बरं आहे” म्हणाली, तर पुन्हा विचारा. जमलं तर जाऊनच या.

रात्री लेकीला सगळं समजावून सांगितलं आणि म्हटलं, “पोटातलं ओठावर आणायला कधी लाजू नकोस, बाळ. मागाहून बरणीतली आतडी बोलतात खरी, पण अर्धंच.”