औषधाच्या आधी पाणी

नगरहून संभाजीनगरकडे निघालं की वाटेत घोडेगाव लागतं. कांद्याच्या गाड्या, जनावरांचा बाजार, शनिशिंगणापूरकडे वळणारी भाविकांची वाहनं, असं हे कायम गजबजलेलं गाव. त्याच रस्त्यानं थोडं पुढं वडाळा बहिरोबा. तिथल्या मिशन हॉस्पिटलात 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात एक तरुण डॉक्टर जोडपं काम करत होतं: रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. हात चांगला, नाव झालेलं, पण रुग्णांची रांग काही घटेना. बरं करून घरी पाठवलेलं पोर चार महिन्यांनी तेच दुखणं घेऊन परत यायचं. दुखणं गावात तयार होत होतं आणि हॉस्पिटल त्याच्यावर फक्त मलमपट्टी करत होतं.

हे लक्षात आल्यावर दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1970 मध्ये त्यांनी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला बस्तान मांडलं. दुष्काळी तालुका, पोटासाठी ऊसतोडीला जाणारी माणसं. पुढे जगभर ‘जामखेड’ या एका नावानं ओळखला गेलेला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प तो हाच.

सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित नर्सबाई गावात नेमून पाहिल्या. जमलं नाही. बाहेरून आलेल्या शिकल्या-सवरल्या मुलीचं गावातल्या सासवा ऐकेनात. मग गावानंच आपल्यातली बाई निवडायची, असं ठरलं. आल्या त्या बऱ्याचशा निरक्षर होत्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेल्या, कितीतरी दलित. ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं, त्यांच्याच हाती गावाचं आरोग्य द्यायचं म्हणजे धाडसच होतं.

शिकवणी दर आठवड्याला जामखेडमध्ये भरायची. पहिला धडा औषधाचा नसायचा. आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, हाच पहिला धडा. अमक्याची बायको, तमक्याची आई अशीच ओळख सांगायची सवय असलेल्या बाईला चारचौघांत स्वतःचं नाव उच्चारणं केवढं अवघड जायचं! मुक्कामाला सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या आणि एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायच्या. जातिभेदावर व्याख्यान देण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक होतं. थंडी तर सगळ्यांनाच वाजायची.

मग प्रश्न सुरू व्हायचे. पोराला जुलाब का होतात? पाणी घाण आहे म्हणून. पाणी घाण का? चांगला आड आहे, पण त्यावर सगळ्यांना जाता येत नाही. का जाता येत नाही? इथं पोचलं की विषय आरोग्याचा राहत नाही, गावाचा होतो. साखर-मिठाचं पाणी कसं करायचं हे बाई शिकायचीच, पण आडाचं काय, हा सवाल घेऊनच घरी जायची. 1970 च्या दशकातल्या दुष्काळात प्रकल्पानं कूपनलिका खोदल्या, तेव्हा त्या मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या. सवर्ण बायांना हंडा घेऊन तिकडंच यावं लागलं. पटकीला आळा घालणारी ही कृती कुठल्या डॉक्टरी पुस्तकात सापडायची नाही.

गरोदर सुनेचंही तसंच. पोटातलं बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल, म्हणून तिनं कमी जेवायचं अशी समजूत होती. त्यात ती पंगतीत शेवटची. उरलंसुरलं तिच्या वाट्याला. लोहाच्या गोळ्या वाटणं सोपं, सासूला पटवणं कठीण. ते काम त्याच आळीतली, स्वतः चार बाळंतपणं काढलेली बाईच करू शकत होती. पुरुषांनाही सोडलं नव्हतं. गावोगावी शेतकरी मंडळं निघाली, आणि त्यांची सुरुवात कधी कधी जातीपाती विसरून खेळलेल्या व्हॉलीबॉलनं झाली.

आकडे बोलके आहेत. प्रकल्पाच्या गावांत 1971 मध्ये हजार जन्मांमागे 176 अर्भकं दगावत होती. 1976 मध्ये तो आकडा 52 वर आला, 1999 मध्ये 26 वर. जागतिक आरोग्य संघटनेनं 1975 मध्ये काढलेल्या एका पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. तीन वर्षांनी अल्मा-आटा इथं प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण गावच्या बायांचा सन्मान वेगळाच. जवळक्याच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबराकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, की तुम्ही असे देखणे, पण महाग आणि लांब. आम्ही पणती, एकीवरून दुसरी लावता येते.

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार लोकसंख्येमागे एक आशाताई नेमायचं ठरलं. गावातलीच बाई, हे सूत्र त्यात आलं. पण मोबदला कामावर ठरला: इतकी बाळंतपणं दवाखान्यात, इतकी लसीकरणं. मोजता येतं त्याचे पैसे. आडावर कुणाला पाणी भरता येत नाही, हे विचारण्याचे पैसे कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत. पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण 23 दिवसांचं, पुढेही टप्प्याटप्प्यानं. विषय चांगले आहेत. पण नोंदवह्या, सर्वेक्षणं आणि मोबाइलवरची माहिती भरता भरता ‘का’ विचारायला उसंत उरत नाही. 2023 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर गेल्या, तेव्हा मानधनवाढीबरोबर ऑनलाइन कामाची सक्ती नको, हीही मागणी होती.

जामखेडला 1992 पासून आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था चालते. परदेशांतले पदवीधर आणि डॉक्टर तिथं शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावच्या आरोग्यसेविका असतात.